हतगडाच्या माथ्यावरून : दरी, सीमा आणि मायची बोली

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग आणि मुंबईहून दिल्लीकडे जाणारा महामार्ग जेथे एकमेकांस छेदतात, त्या जागेस कडोदऱ्याचे लोक ‘चोकडी’ म्हणतात. धुळ्यात अशाच जागेस ‘चौफुली’ म्हणतात. प्रमाण मराठीत चौकडी म्हटले की चार जणांचे टोळके किंवा कापडावरील चौकटी डोळ्यांपुढे येतात. आमचा धाकटा भाऊ अठरा वर्षांपासून कडोदऱ्यास एका डाईंग मिलमध्ये नोकरीस आहे. त्याच्या तोंडून ‘चौफुली’ हा शब्द ऐकल्यास दहा वर्षे तरी लोटली असतील. त्याची कन्या, म्हणजे आमची पुतणी, सातवीत गुजराती माध्यमात शिकते. आणि या दोघांच्या घरात आमची माय आहे. ती साक्री तालुक्यातील, वय चौऱ्याहत्तर, आणि ती चौफुलीही म्हणते, चोकडीही म्हणते. समोर कोण आहे ते पाहून म्हणते.

वाचकांस ठाऊक आहे की या लेखांतून आम्ही बहुधा सीमा, नकाशे आणि विभक्तिप्रत्यय यांविषयी लिहितो. आमचे वास्तव्य नंदुरबार जिल्ह्यात आहे. जेथे नवापूरचे रेल्वे स्थानकच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत उभे आहे, त्या मुलखात भाषेच्या प्रश्नाविषयी उदासीन राहणे कठीण. आजचा लेख मात्र एका सोप्या चढणीविषयी आहे. निदान निघताना तरी तेवढाच हेतू होता.

यंदा उत्तरायणास आम्ही कडोदऱ्यास गेलो होतो. सुरत जिल्ह्यात त्या दिवशी माणसे जमिनीवर नसतात, गच्चीवर असतात. १४ जानेवारीस पतंग, उंधियू, चिक्की; आणि दुसऱ्या दिवशी ‘वासी उत्तरायण’, म्हणजे शिळे उत्तरायण, पुन्हा तेच. भावाच्या मिलला दोन्ही दिवस सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून सापुताऱ्याकडे जावे, एखादी सोपी टेकडी चढावी, दरी पाहावी आणि रात्री परतावे असे ठरले. माय म्हणाली, “आज करना दिन शे.”

तिचे म्हणणे शास्त्रास धरून होते. संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे आपल्याकडे किंक्रांत, करिदिन. त्या दिवशी शुभकार्य करू नये, प्रवासास निघू नये. एकाच तारखेस गुजराती पंचांगवाचक घर सोडून बाहेर पडतो आणि मराठी पंचांगवाचक घरात बसतो. पुतणीने तोडगा काढला. आपण गुजरातेत राहतो, तेव्हा आज आपल्याला वासी उत्तरायण लागू, करिदिन महाराष्ट्रात. मायने तो मान्य केला आणि कळण्याच्या भाकरी बांधून घेतल्या. आम्ही जात होतो ती टेकडी महाराष्ट्रात आहे, हे आम्ही तिला सांगितले नाही.

कडोदऱ्याहून सापुतारा सुमारे दीडशे किलोमीटर. बारडोली ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंस ऊस. १९२८च्या सत्याग्रहाचे हे गाव. आज बगल रस्त्याने ते क्षणात मागे पडते. पुढे उनाई लागते. येथे ऊन पाण्याचे झरे आहेत आणि देवीचे मंदिर आहे. कोकणात अशा झऱ्यांस उन्हाळे म्हणतात. पालीजवळचे उन्हेरे त्याच कुळीचे नाव. संस्कृत ‘उष्ण’पासून आलेला आपला ‘ऊन’ येथे उघड दिसतो असे आम्ही गाडीत सांगू लागलो. पुतणीने शाळेत ऐकलेली कथा सांगितली : रामाने बाण मारून पाणी काढले, सीतेने स्नान केले आणि ती म्हणाली, ‘हुं नाही’. गुजरातीत याचा अर्थ ‘मी न्हाले’. मराठी कानास मात्र सीता काहीतरी नाकारते आहे असे वाटते. व्युत्पत्ती म्हणून ही कथा टिकणार नाही. परंतु आमच्या व्युत्पत्तीपेक्षा गाडीतील मंडळींनी तिलाच अधिक पसंती दिली, हे नमूद करणे भाग आहे.

वघईपासून डांग सुरू होतो. साग, बांबू, वळणे. जानेवारीत सागाची रुंद पाने पिवळट पडलेली असतात आणि रस्त्याकडेच्या पानांवर धूळ बसलेली असते. साधारण हजार मीटर उंचीवर सापुतारा. नावाची फोड ‘सापांचा उतारा’ अशी करतात. गुजरातीत उतारा म्हणजे मुक्कामाची जागा; म्हणून सापांचे वसतिस्थान. आजच्या मराठी वाचकास आधी विषावरचा उतारा आठवेल, मग पुस्तकातला. ‘पाहुणे अमक्याकडे उतरले’ असे आपण आजही म्हणतो, तेव्हा तोही अर्थ आपल्यापासून फार दूर गेलेला नाही.

वासी उत्तरायणास साप सोडून बाकी सर्वांनी तेथे उतारा केला होता. तळ्याकाठी गाडी उभी करण्यासही जागा नव्हती. म्हणून आम्ही थांबलो नाही; नाशिकच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर पुढे, सीमा ओलांडून, सुरगाणा तालुक्यातील हतगडास गेलो. (फलकांवर कोठे ‘हतगड’ तर कोठे ‘हातगड’ असे आढळते. गावकरी बोलताना मधला स्वर इतका आखूड करतात की दोन्ही लेखने खरी वाटावीत.)

हा किल्ला सुमारे अकराशे मीटर उंचीचा आहे. परंतु भोवतालचे पठारच उंच असल्यामुळे प्रत्यक्ष चढण अर्ध्या-पाऊण तासाची. वाट मळलेली आहे, पायऱ्या आहेत, दरवाजांचे अवशेष आहेत, कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, हनुमानाची मूर्ती आहे आणि देवनागरी शिलालेख आहे. पाणी सोबत न्यावे. टाक्यांतील पाण्याचा भरवसा धरू नये. उन्हाळ्यात माथ्यावर सावली नाही. कुटुंबासह येणाऱ्यांस याहून सोपा किल्ला या भागात मिळणे अवघड. आमची माय दर चैत्रात वणीच्या सप्तशृंगीस पायी जात असे. गेल्या काही वर्षांपासून ते बंद झाले आहे, पण चढणीस ती घाबरत नाही. काठी टेकत ती आमच्यापुढेच होती.

दरवाजाच्या अलीकडे एक बाई शेळ्या राखीत बसली होती. माय तिच्या शेजारी टेकली आणि विचारले, “तुनं गाव कथं शे, बहीन?”

पुढील पंधरा-वीस मिनिटे त्या दोघी बोलत होत्या. आम्ही तीन पावलांवर उभे होतो. तीस वर्षे आम्ही मराठीचे अध्यापन केले. डांगची भाषा मराठीच्या अधिक जवळ की गुजरातीच्या, यावर निरनिराळ्या व्यासपीठांवर बोललो. त्या संभाषणातील निम्मे आम्हांस कळले नाही. शब्द ओळखीचे वाटत आणि हाती लागण्याआधी निसटत. बाई ‘पोसा’ म्हणे, माय ‘आंडोर’ म्हणे, आणि दोघी मुलाविषयीच बोलत आहेत हे आम्हांस वाक्य संपल्यावर उमगे. मायला मात्र कोठेच अडखळायला होत नव्हते. बाईचे माहेर डांगात, सासर हतगडाच्या पायथ्याशी. माहेरी भावाची मुले गुजराती शाळेत, इकडे तिची मुले मराठी शाळेत. सणास एकत्र आली की सगळी आपल्या बोलीतच भांडतात. पाऊस उशिरा गेल्यामुळे नागली काळी पडली. हे सर्व मायने आम्हांस नंतर सांगितले. ‘नागली’ हा शब्दही पाहावा : कोकणात आणि पाठ्यपुस्तकात नाचणी, परंतु नाशिक आणि डांग या दोन्हीकडे नागलीच. १ मे १९६० रोजी आखलेली सीमा या धान्याने मनावर घेतलेली नाही.

आम्ही न राहवून विचारले, “बाई, तुमची ही भाषा कोणती?”

“आमनी बोली,” ती म्हणाली.

“म्हणजे मराठीत धरायची की गुजरातीत?”

तिने मायकडे पाहिले. ‘हा कोण?’ अशा अर्थाचे काही विचारले असावे, कारण माय म्हणाली, “मन्हा आंडोर शे. मास्तर शे. भाषा शिकाडस.” त्यावर बाई काहीतरी बोलली आणि दोघी खूप हसल्या. आम्ही अर्थ विचारला तेव्हा मायने सांगितले : ती म्हणते, भाषा शिकवतो, मग आपण बोलतो ते त्याला कळत का नाही?

माथा सपाट आहे. वायव्येकडे गेले की जमीन एकदम संपते आणि खाली डांगाची दरी उघडते. एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या डोंगररांगा, मध्ये साग आणि बांबूचा रान-पट्टा, सापुताऱ्याच्या वरच्या अंगास इमारतींचे पांढरे ठिपके, आणि कोठे तरी एकच चुकार पतंग. अंबिका नदी याच डोंगरांत, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीत उगम पावते. डांगातून जाताना वघईजवळ गिरा धबधब्याने उडी घेते आणि पुढे दक्षिण गुजरातेतून समुद्रास मिळते. माय मात्र दरीकडे पाठ करून आग्नेयेकडे हात जोडून उभी होती. तिकडे सप्तशृंगी.

या दरीकडे पाहून आमच्या वयाच्या चळवळीतल्या माणसास जे आठवते तेच आठवले. इंग्रजी अमलात डांग आधी खानदेशच्या कलेक्टराच्या देखरेखीखाली होता, नंतर सुरतेच्या. स्वातंत्र्यानंतर तो मुंबई राज्यात आला. १९४९ मध्ये मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी डांगचा दौरा केला आणि येथील भाषा गुजराती असल्याचा निर्वाळा दिला. मराठी पक्षाने तो मान्य केला नाही. पुढे दहा-अकरा वर्षे वाद चालला आणि १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला. काही दिवसांच्या दौऱ्यात भाषा ठरवता येते काय, असा प्रश्न आम्ही आमच्या भाषणांत नेहमी विचारीत आलो, आणि टाळ्या घेत आलो.

आणि त्यानंतर आम्ही आमची बाजू मांडीत असू. ती अशी : येथे ‘शुं’ नाही, ‘काय’ आहे, ‘बे’ नाही, ‘दोन’ आहे. समोरचा पक्ष प्रत्यय दाखवी : ‘चा-ची-चे’ कोठे आहे? येथे ‘ना-नी’ आहे. हा युक्तिवाद आम्हांस कधीच आवडला नाही, कारण तो डांगपुरता थांबत नाही. आमच्या मायची अहिराणीही ‘ना-नी’चीच. ती ‘घरात’ म्हणत नाही, ‘घरमा’ म्हणते, गुजराती ‘घरमां’सारखे. ‘आहे’च्या जागी तिचे ‘शे’ आहे, जे ‘छे’च्या शेजारी बसते. उलट ‘मला’चे तिचे ‘माले’ आपल्या बाजूचे. आणि ‘ळ’ पाहावा : मराठीत ‘ळ’ आहे, गुजरातीतही आहे, मध्ये बसलेल्या अहिराणीत मात्र त्याचा ‘य’ होतो, जळगावचे जयगाव, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. दोन भाषांच्या मधली बोली म्हणजे दोहोंची सरमिसळ, असा जो समज आहे त्यास हा ‘य’ पुरेसे उत्तर आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ मध्ये, खानदेशीचा विचार भिल्ली भाषांच्या सोबत केलेला आहे, मराठीच्या खंडात नव्हे. ही गोष्ट आम्ही व्याख्यानांतून सांगत नसू. खोटे बोललो नाही. फक्त ते पान उघडले नाही.

पुतणी शिलालेखाची अक्षरे मोबाईलवर टिपून आली होती. शिरोरेघेमुळे तिला त्रास होतो. गुजराती लिपीस शिरोरेघ नाही, त्यामुळे ती मराठीत आपले नाव लिहिते तेव्हा अक्षरे दोरीवरून उतरवलेल्या कपड्यांसारखी सुटी दिसतात. कडोदऱ्याजवळ मराठी शाळा नाही. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, पण त्या शहरात. रोज एवढे अंतर मुलीला कोण पाठवणार? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे राज्यघटनेचे अनुच्छेद ३५० अ सांगते. त्यासाठी मागणी करावी लागते, मागणीसाठी आकडे लागतात, आणि आकडे जनगणनेतून येतात. २०११ मध्ये आम्ही हाच विचार केला होता.

त्या वर्षी फेब्रुवारीत गणना करणारे गुरुजी कडोदऱ्याच्या घरी आले. भावाने आम्हांस फोन लावला : दादा, मातृभाषेच्या रकान्यात काय सांगू? ‘मराठी’, आम्ही क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो. ‘आणि मायची?’ तीही मराठीच. नंदुरबार-धुळ्याकडील अनेक कुटुंबांस आम्ही त्या महिन्यात हेच सांगितले. अहिराणी किंवा खानदेशी सांगाल तर ती संख्या वेगळ्या ओळीत पडते, मराठीतून वजा होते, असे समजावले. फोनमागून मायचा आवाज आला होता. ती म्हणत होती की मी कधी बोलले मराठी? आम्ही भावास सांगितले, तिला म्हणावे बोलीचीच मोठी बहीण मराठी.

पुढे आकडे प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये खानदेशी सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत माणसे वाढली आणि ही भाषा सांगणारे दोन लाखांनी घटले. मराठी ८ कोटी ३० लाख. त्या घटीत आमच्यासारख्यांच्या सल्ल्याचा वाटा किती, हे मोजण्याचे साधन नाही. काहीच नसेल असे मानण्यासही आधार नाही. आणि कडोदऱ्यास मराठी शाळा काही निघाली नाही.

जनगणनेच्या सूचनांत मातृभाषेची व्याख्या दिलेली असते. व्यक्तीच्या बालपणी तिच्या आईने तिच्याशी जी भाषा बोलली, ती मातृभाषा. आई लहानपणीच गेली असेल, तर बालपणी घरात प्रामुख्याने बोलली जाणारी. वाचन, लेखन, शाळा, अभिमान, चळवळ यांचा त्यात उल्लेख नाही. अन्य अवगत भाषांसाठी दोन रकाने वेगळे असतात. आम्ही ही व्याख्या पूर्वीही वाचली होती. हतगडाच्या माथ्यावर, ती बाई हसून गेल्यानंतर, ती पुन्हा आठवली आणि आपण स्वतःच्याही रकान्यात काय लिहिले होते ते आठवले.

याहून नकोशी आठवण दुसरी आहे. आम्ही नोकरीस लागलो त्या सुमारास घरी पाहुणे आले की माय बोलू लागे आणि आम्ही तिचे वाक्य पुन्हा ‘नीट’ म्हणून दाखवीत असू. तिने ‘डोया’ म्हटले की आम्ही हलकेच ‘डोळा’ म्हणायचो. काही वर्षांनी ती पाहुण्यांसमोर बोलेनाशी झाली. तेव्हा आम्हांस वाटे, वयाप्रमाणे माणूस अबोल होते. त्या दिवशी शेळ्यांजवळ बसून ती वीस मिनिटे सलग बोलत होती. पुतणी म्हणाली, “आजी घरी इतकं कधीच बोलत नाही.”

कोणी असे समजू नये की मराठीचा आग्रह आम्ही सोडला आहे. डांगचा निर्णय घाईचा होता हे आमचे मत कायम आहे, आणि सुरत भागातील मराठी शाळांचा प्रश्न खराच आहे. परंतु डांगच्या माणसास तुझी बोली अमक्या भाषेत मोडते असे दुसऱ्याने सांगणे आम्हांस अन्याय वाटत असेल, तर साक्रीच्या बाईस आम्ही काय सांगत होतो? आम्ही तिचे पुत्र आहोत, एवढ्याने तो फरक पडतो काय? आमच्या मित्रांपैकी काही जण म्हणतील की अशाने मराठीचे तुकडे होतील. होतीलही कदाचित. आठ कोटींतून अठरा लाख वेगळे मोजल्याने मराठी संपेल इतकी ती दुबळी आहे असे आम्हांस वाटत नाही. पण हे लिहिताना आमचा हात पूर्वीसारखा निश्चिंत नाही, हेही खरे.

उतरताना रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे खोके विकायला बसलेली मुले होती. या भागात आता ती चांगली पिकते. विकणारा मुलगा गुजरात पासिंगची गाडी पाहून गुजरातीत भाव सांगू लागला, भावाने मराठीत घासाघीस केली, आणि मायने तिसऱ्याच भाषेत भाव पंधरा रुपयांनी उतरवला.

वघईच्या पुढे अंधार पडला. उनाईजवळ आम्ही अहिराणीत एक वाक्य बोलून पाहिले, “माय, तुले भूक लागनी का?” असे काहीसे. भाऊ गाडी चालवता चालवता हसू आवरीत होता. माय म्हणाली, पुस्तकातल्यासारखे बोलतोस, पण कळले. भाकरी संपल्या होत्या; तिने स्ट्रॉबेरीचे खोके पुढे केले.

बारडोली मागे पडल्यावर भावाने विचारले, “दादा, पुढच्या वर्षी परत गणना आहे म्हणतात. फेब्रुवारीत. या वेळी काय सांगायचं?”

“मायला विचार,” आम्ही म्हणालो.

माय मागच्या आसनावर झोपली होती.